साठीत शिकलेली सायकल

माझे सासरे बसलिंगाप्पा शाहूपुरीतले गुळाचे अडत व्यापारी. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. मी लग्न होऊन गंगावेशीतल्या त्यांच्या घरात आले तेव्हा ते साठीला टेकले होते, आणि दुकान ते घर याच्या पलीकडे त्यांना जग नव्हतं. कुणाच्या लग्नाला गेले तरी पंगतीत शेजारच्याशी गुळाच्या भावाचंच बोलायचे. नवरा-नवरीचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही.

शहाण्णव सालच्या दिवाळी पाडव्याला त्यांनी दुकान मुलाच्या, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या हाती दिलं. "अमरेश, आता तू बघ. एका गादीवर दोन मालक नकोत," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसले.

घरी काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. शेंगदाण्याचा डबा उघडून चार दाणे तळहातावर चोळायचे आणि म्हणायचे, "हे कुनाकडनं आणलं? जुनं हाय." मी भाकरी थापायला बसले की मागे येऊन उभे राहायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. शेवटी माझ्या सासूबाई, शांतव्वा, म्हणाल्या, "अवो, जरा भाईर फिरून या की. रंकाळ्याला जावा. सगळं गाव जातंय."

अप्पा गेले आणि माझा कुकर उतरायच्या आत परत आले.

"बघितला काय रंकाळा?" सासूबाईंनी विचारलं.

"बघितला. पाणी हाय."

सासूबाईंना मी अत्ती म्हणायचे, कानडीत सासूला म्हणतात तसं. त्या संकेश्वरकडच्या, त्यामुळे आनंद झाला किंवा राग आला की तोंडात कानडी यायची. अप्पांना जे जमत नव्हतं ते त्यांना जन्मतःच येत होतं. चहा बशीत ओतून पहिला घोट त्या डोळे मिटून घ्यायच्या. पंचगंगेच्या घाटावरून धुऊन परत येणाऱ्या म्हशी बघायला रोज दारात उभ्या राहायच्या. त्यातली नटवी कुठली, भांडखोर कुठली, हे त्यांना पाठ होतं. दुपारी शेजारच्या बनाबाई आल्या की दोघी पायरीवर बसून एखादं कवठ फोडायच्या, त्यात गूळ कालवायच्या आणि बोटं चाटत तासभर हसत बसायच्या. कशाला हसतात ते विचारलं की आणखी हसायच्या.

अशाच एका दुपारी अप्पा येऊन पायरीवर बसले. अत्तींनी कवठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि सहज विचारलं, "ल्हानपनी तुमचं काय करायचं ऱ्हायलं वो?"

"ल्हानपन कुटलं? बा गेला तवापास्न दुकानात बसलोय," अप्पा म्हणाले. मग त्यांनी वाटीतलं कवठ बोटानं चिवडलं. "सायकल," ते म्हणाले. "सायकल ऱ्हायली."

बनाबाईंनी तोंडाला पदर लावला. अत्ती मात्र हसल्या नाहीत. "मग शिका की," त्या म्हणाल्या.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मला एवढंच दिसत होतं की नवरा-बायको पहाटे फिरायला जातात. चांगलं झालं, निदान भाकरीच्या वेळी मागे कुणी नाही, असं मी मनाशी म्हणत होते. पण धुण्यात अप्पांची धोतरं काळ्या वंगणानं माखलेली निघायला लागली. एकदा तर काठ उभा फाटलेला. अत्तींच्या कपाटातली हळद आणि तेलाची वाटी पलंगाखाली सापडली. मी विचारलं तर अत्ती म्हणाल्या, "वाटंत कुत्रं मागं लागलं."

खरं असं होतं की आमच्या गल्लीच्या तोंडाला कृष्णातचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. अप्पांनी त्याच्याकडे सायकल मागितली तेव्हा त्यानं लेडीज सायकल पुढे केली.

"ही बायकांची?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, ही न्या. दांडीची नेलीसा तर पडताना कळंल तुमाला, दांडी कुटं लागती ते."

मग अप्पांनी जास्त चर्चा केली नाही. दोघं सायकल हातात धरून गांधी मैदानावर जायचे. अप्पा सीटवर, आणि अत्ती पदर खोचून, मागचं कॅरेज धरून पळायच्या. पन्नाशी ओलांडलेली बाई अशी पळताना बघून फिरायला आलेली माणसं थांबायची. अप्पा हँडल असं घट्ट धरायचे, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. चार पॅडल झाली की पडायचे. उठून धोतर झाडायचे आणि इकडेतिकडे बघायचे, बाजारातलं ओळखीचं कोण नाही ना.

ओळखीचं होतंच. दुकानातला हमाल सयाजी मैदानाच्या कडेनं रोज कामावर यायचा. त्यानं दुकानात येऊन सांगितलं, आणि अमरेश दुपारीच घरी आले.

"अप्पा, हाडं मोडून घ्यायची हायती काय? बाजारात लोक हसाय लागल्यात. तुमाला फिरायचंच हाय तर लुना घेऊन देतो."

अप्पा शांतपणे म्हणाले, "लुना आपआपच पळती. त्यात माजं काय?"

 अमरेश माझ्याकडे बघायला लागले, तर मी भांडी आवरायच्या निमित्तानं आत गेले.

आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अत्तींनी अमरेशचा जुना पायजमा अप्पांच्या मापाला शिवून दिला आणि मलाही सोबत नेलं. जानेवारीची थंडी होती. अप्पा पायजम्यात अवघडून सीटवर बसले. अत्ती नेहमीसारख्या मागे पळाल्या आणि थोड्या अंतरावर त्यांनी हात सोडला. अप्पांना ते कळलंच नाही. "धर, सोडू नकोस," असं ओरडत ते मैदानाच्या पार टोकाला गेले. तिथं वळताना त्यांना अत्ती लांब उभ्या दिसल्या. मला वाटलं, आता पडणार. पण ते पडले नाहीत.

पडले नाहीत, पण थांबायचं कसं ते अजून शिकायचं होतं. ते गोल गोल फिरत राहिले. आमच्यासमोरून जाताना चेहरा ताठ, नजर पुढे, आणि मिशीच्या खाली हसू मावत नव्हतं. अत्ती टाळ्या वाजवत कानडीत ओरडल्या, "साक, साक." पुरे, पुरे. शेवटी अप्पांनी एक वाळूचा ढीग बघितला आणि सायकल सरळ त्यात घातली. वाळूत बसूनच ते हसायला लागले. त्यांना पोट धरून हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

त्यानंतर कृष्णातकडनंच त्यांनी एक जुनी सायकल कायमची घेतली. तोल जमल्यावर अत्ती म्हणाल्या, "एवढं पळवलंसा मला, आता बसवून न्या." आणि खरंच मागं बसून निघाल्या. सकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध, दोघांत एक ग्लास. तिथून घाटावर. पोरं पुलाच्या कठड्यावरून नदीत उड्या टाकायची, ते बघत दोघं बसायचे. कुणाची उडी चपटी पडली की अप्पा आम्हाला रात्रीच्या जेवणाला सांगायचे.

एकदा ते चिखलीकडच्या एका गुऱ्हाळावर गेले. अप्पांचा जन्म गुळात गेला होता, पण गुळाचा खडा ते जिभेला लावायचे तो दर ठरवण्यापुरता. त्या दिवशी गुऱ्हाळवाल्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी दिली. ओळखीचा व्यापारी आला म्हणून तो जरा बिचकत म्हणाला, "अप्पा, माल कसा वाटतोय?"

"माल बघाय आलो न्हाय. खायाला आलोय," अप्पा म्हणाले आणि आणखी एक पान मागितलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा दोघांच्या कपड्यांना काकवीचा वास येत होता आणि अप्पांच्या मिशीला काकवी चिकटलेली होती.

पुढच्या वर्षी माघात त्यांनी जाहीर केलं की सायकलनं नृसिंहवाडीला जाणार. अमरेशनी सरळ नाही म्हणून सांगितलं. वाडी म्हणजे काय जवळ आहे? रविवारी आम्ही उठलो तेव्हा सायकल नव्हती, आणि शिंक्यातली दशम्यांची चळतही नव्हती.

अमरेश स्कूटरवर निघाले, मागे मी. हायवेला लागलो तरी ते रागानं बडबडत होते. शिरोलीच्या थोडं पुढे गेल्यावर मला बांधाला टेकवलेली सायकल दिसली. पुढचं चाक बसलं होतं. अप्पा आणि अत्ती बांधावर पाय पसरून हरभऱ्याचे डहाळे सोलत होते. ज्याचं शेत होतं तो म्हातारा शेजारी बसून अत्तींनी दिलेली दशमी खात होता.

"या पावणं, बसा," म्हातारा अमरेशना म्हणाला.

"अप्पा, काय हे?" अमरेश म्हणाले.

"वाडी तितंच हाय, कुटं जात न्हाय," अप्पा म्हणाले. "हरभरा मातूर आजचाच." त्यांनी एक डहाळा पुढे केला.

अमरेश उभेच होते. मग चप्पल काढून बसले. पहिले चार घाटे त्यांनी रागातच सोलले. नंतर म्हाताऱ्याशी बोलायला लागले, पाण्याचं, उसाचं, त्याच्या बैलाचं. ऊन चढलं तरी कुणाला उठायचं सुचलं नाही. गुळाचा भाव त्या दिवशी कुणीच काढला नाही.

जवळच्या फाट्यावर पंक्चर काढून घेतलं. पण अप्पांच्या पोटरीत गोळा आला होता. त्यांना आणि अत्तींना स्कूटरवर बसवायचं ठरलं, आणि सायकल कुणी न्यायची म्हणून सगळे घोळत उभे राहिले.

"मी नेते," मी म्हणाले.

शाळेत असताना मी निपाणीत सायकलनं फिरायचे. लग्नानंतर कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. अमरेश गोंधळून बघत होते. अत्तींनी माझा पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "हळू ये गं, सौंदर्या. आमी फुडं जातो."

स्कूटर लांब गेली. दोन्ही बाजूला ऊस, रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा. पंचगंगेच्या पुलाचा उतार लागला तेव्हा मी पॅडल मारायचं थांबवलं. नदीवरचं वारं तोंडावर येत होतं, आणि समोर आमचं कोल्हापूर दिसत होतं.