हिरव्या दगडाचं घड्याळ

दुकानात आले की नाना आधी मोबाईल काउंटरवर ठेवायचे आणि मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढायचे. "टाइम ह्यात हाय," मोबाईलकडे बोट दाखवून म्हणायचे, "आन् ह्या घड्याळात दुसरं हाय, मास्तर. ह्याला चावी देऊ नका."

तुम्हीच सांगा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला याहून जिव्हारी लागणारं काय असेल? पिंपळे सौदागरला माझं दुकान. दिवसभर सोसायट्यांतल्या लोकांच्या घड्याळांचे सेल बदलायचे, पट्टे बसवायचे. त्यात नाना आणायचे ती सोन्याची, जुनी, परदेशी घड्याळं. तबकडी अस्सल दगडाची, अगदी पातळ कापलेली. असं घड्याळ उघडायला मिळणं म्हणजे माझी दिवाळी, आणि ते म्हणे बंदच ठेवायचं.

नाना पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. जमिनी गेल्या, तिथे टॉवर आले, भाऊबंदांनी मोठ्या गाड्या घेतल्या. नाना मात्र जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन तबकड्या न्याहाळत बसायचे. कंपनी कुठली, साल कुठलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एखादा दगड डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "सापडलं. माळाचं वावर."

हळूहळू मला उलगडा झाला. पिवळसर तपकिरी टायगर आय दगडाची तबकडी तिरपी केली की तिच्यावरून उजेड सरकतो. ते त्यांचं माळावरचं ज्वारीचं वावर, काटे सव्वासहाला थांबवलेले, ऊन कलतानाची वेळ. निळ्या लाजवर्दाची तबकडी म्हणजे नदीकाठची गाळाची मळई, सकाळचे सात. आणि सगळ्यांत लाडकं हिरव्या मॅलाकाइटचं. त्या दगडात मुळातच गडद-फिक्या रेघा असतात, सऱ्या पाडल्यासारख्या. ते विहिरीचं वावर. ते हातात घेऊन नाना बसले की चहा गार होऊन जायचा. खरं सांगतो, मलाही रस्त्यावरचे हॉर्न सोडून पाटाचं पाणी ऐकू यायला लागायचं.

एकदा त्या हिरव्याचा पट्टा बदलायला ते ठेवून गेले. मला राहवलं नाही. उघडलं, साफ केलं, तेल घातलं, चावी दिली. काय सुरेख चालायला लागलं म्हणून सांगू. शाबासकी मिळणार अशा थाटात मी ते त्यांच्या हातात दिलं.

नानांनी फिरत्या काट्यांकडे बघितलं. "चालू केलंत व्हय," एवढंच म्हणाले.

मी गडबडलो. किती वाजले होते सांगा, आत्ता परत लावून देतो, असं म्हणालो.

"त्येच आठवत न्हाई. हल्ली ध्यानात काय ऱ्हात न्हाई, मास्तर. म्हणून तर घड्याळात ठिवलं व्हतं."

चिडले असते तर बरं झालं असतं. मलाही आठवेना. मी दगड पाहिला होता, काटे पाहिलेच नव्हते. त्यानंतर नाना दर गुरुवारी यायचे, चावी ओढून काटे सावकाश फिरवायचे. नऊ, दहा, साडेदहा. मध्येच थांबून डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. "ही न्हाई." मग पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

यंदा उन्हाळ्यात नाना गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी ते हिरवं घड्याळ घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या मनगटाला बसेल असा पट्टा करून हवा होता. मी घड्याळाला चावी दिली, आत्ताची वेळ लावली आणि मग न राहवून माझी चूक त्यांना सांगून टाकली.

"पावणेबारा," त्या सहज म्हणाल्या. "मी भाकरी घिऊन जायची विहिरीवर, तवा. लांबनं मला बघायचे आन् औत सोडायचे. मला इचारायचं की."

इतके गुरुवार आम्ही दोघं काटे फिरवत बसलो आणि उत्तर त्यांच्याच घरात होतं. आपण ती वेळ विसरलो, हे नानांनी बायकोला कळू दिलं नव्हतं. मी काटे पावणेबारावर आणायला चावी ओढू लागलो, तर त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या चालू. रोज येतीच की ती येळ."

मी पट्ट्याला तीन नवी भोकं पाडून दिली. त्यांनी ते घड्याळ मोकळ्या मनगटावर बांधलं, एकदा कानाशी नेलं आणि निघाल्या. साडेअकरा होत आले होते. मला त्या जरा घाईतच वाटल्या.