मंगळवारच्या होड्या

किनाऱ्यावरच्या अपाम गावचा क्वामेना फोटोवाला दर मंगळवारी पहाटे भाड्याच्या ट्रोट्रो गाडीत बसायचा. मंगळवारी समुद्राचा विसावा. त्या दिवशी जाळं टाकायचं नाही, म्हणून गावोगावच्या झाडून साऱ्या होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. त्याचा मुलगा एकोव सोबत्यांबरोबर मासे धरायला गेला, तो होडीसकट नाहीसा झाला. पाण्याची ओढ पूर्वेकडची. तेव्हा क्वामेनाही किनाऱ्याच्या रस्त्यानं पूर्वेकडे जाई. विनेबा, प्रामप्राम, आडा, दर खेपेला थोडं पुढे. दिसेल त्या होडीचा फोटो काढी. त्याच्या बायकोचे, आराबाचे, गुडघे गेलेले. तिला प्रवास झेपत नव्हता. पण एकोवच्या हिरव्या होडीवरचं कबूतर तिनंच रंगवलं होतं. ते तिला कुठंही ओळखू आलं असतं.

एकोवचा मामा दर रविवारी चर्चमधून तसाच यायचा.

“आराबा, वर्ष उलटलं. आता पोराची उत्तरक्रिया करू दे. लोक विचारतात.”

“लोकांना सांग, तो सरहद्दीपलीकडे टोगोत आहे. बायको केली असेल तिथं, घरी यायला लाजतोय.”

“आणि काहीच हाती लागलं नाही तर?”

“तर दादा, तू माझीच आधी कर.”

क्वामेना यात कधी पडला नाही. तो मनात देवाचं नाव घेई आणि कॅमेऱ्याची काच पुसत बसे.

त्या मंगळवारी तो आडाच्याही पुढे, केटापर्यंत गेला. वाळूवर एक बाई मासे तळत होती. गिऱ्हाइकांना बसायला तिनं दोन दगडांवर एक फळी टाकली होती. हिरवी, खाऱ्या वाऱ्यानं पोपडे उडालेली. तिच्यावर अर्धं कबूतर होतं.

“अहो काका, नुसता फोटो काय काढता? आधी मासा खा, मग काढा!”

“ही फळी कुठली, बाई?”

“समुद्रानं दिली की, गेल्या साली. एवढीच आली, मागून काही नाही. का? बाक घेऊन जाताय का माझा?”

क्वामेना मागे सरला. बाई, चूल, गिऱ्हाइकं, माड, सगळं मावेल इतका मागे. फोटो न काढणं म्हणजे आराबाशी खोटं बोलणं, आणि ते देवाला दिसलं असतं. जवळून काढायला हात धजेना.

घरी आल्यावर फोटो धुऊन त्यानं तो गठ्ठ्यात मध्येच सारला. आराबा एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बाजूला ठेवू लागली.

“ही आडाची ना? दोरी बघा कशी गुंडाळलीय, आळशी मेले!”

मग तिचा हात थांबला. चुलीवरचं पाणी उकळून उतू गेलं, तरी ती हलली नाही.

“एकोवचे बाबा.”

“हं.”

“इतक्या लांबून का काढलात?”

तिनं अंगावरच्या कापडाच्या टोकानं फोटो पुसला, पुन्हा पाहिला.

“त्या बाईनं तुम्हाला खायला घातलं का?”

“हो. मासा नि मक्याची केंकी.”

“खाल्लंत?”

“त्या फळीवर बसून. घास उतरत नव्हता, पण उठवेना.”

आराबानं मान हलवली. मग म्हणाली, “दादाला बोलावून आणा.”