अमेरिकेतून आलेला काडीमोड

माझं लग्न जळगावात लागलं, संसार धुळ्यात झाला आणि काडीमोड अमेरिकेतल्या अशा एका गावात झाला, की त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. या तिन्हींपैकी एकाही कामात माझं मत कुणी विचारलं नव्हतं. संसार तरी कसला, लग्नानंतर नवरा महिनाभर धुळ्यात होता तेवढाच. मग तो नोकरीवर परत गेला आणि मी सासूसासऱ्यांकडे व्हिसाची वाट बघत राहिले. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमनी सून अमेरिकाले जाई राहयनी." दोन वर्षं मी जातच होते आणि जाता जाता त्यांच्या पापड-कुरडया उरकत होते.

एका दुपारी पाकीट आलं. सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, ते घेऊन वकिलाकडे गेले आणि परत येऊन झोपाळ्यावर बसले.

"तिकडच्या कोर्टाने मोकळं केलं आहे," ते म्हणाले.

"कुणाला?" मी विचारलं.

"दोघांनाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एस्टीने जळगावला, मेहरूणला माहेरी आणून सोडलं. खरं सांगते, मला रडू आलं नाही. महिन्याभराच्या ओळखीच्या माणसासाठी किती रडणार? राग मात्र असा आला होता की अजून पुरतो आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, केळीचे बागायतदार. गावात मान होता आणि त्या मानाला जपणं हाच त्यांचा खरा धंदा होता. पोरगी टाकली गेली हे त्यांनी वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. कुणी विचारलं की सांगत, "व्हिसाचं अडलं आहे." मी स्वयंपाकघरात ते ऐकायचे.

तरीही एक स्थळ आलंच. एरंडोलचे एक शिक्षक, बायको वारलेली, पदरात चार वर्षांची मुलगी. ते बघायला आले तेव्हा मुलगी बरोबर होती. निघताना तिने मला काही न विचारता पाय पुढे केला, सँडलचा पट्टा लावायला. मी पट्टा लावला आणि मनात होकार देऊन टाकला. इतकी वर्षं माझ्यापुढे कुणी काही हक्काने केलं असेल तर ते तेवढंच.

शिक्षक सरळ माणूस होते. म्हणाले, "मला हुंडा नको, मानपान नको. फक्त इथल्या कोर्टाचा कागद हवा. उद्या कुणी म्हणालं की याने दुसऱ्याची बायको घरात आणली, तर माझी नोकरी जाईल." त्यांचं काही चुकत नव्हतं. लग्नाला एवढीच एक अट होती आणि ती मला सोपी वाटली होती. घटस्फोट झालेलाच आहे, तो इकडे मान्य करून घ्यायचा, एवढंच ना? भाऊही तयार झाले, कारण सोडलं होतं त्याने, आपण नव्हे.

जळगावच्या कोर्टात मी अर्ज केला. तारखा पडत गेल्या. शेवटी न्यायाधीशसाहेबांनी मला उभं केलं. मोठा दयाळू माणूस. त्यांनी विचारलं, "तिकडच्या कोर्टात तुम्हाला आपली बाजू मांडता आली का?" मी म्हटलं, "नाही साहेब. पण मला तो घटस्फोट कबूल आहे." ते म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरू नका." मी घाबरले नव्हते हो. मी घाईत होते.

निकाल असा लागला, की तिकडचा हुकूम माझ्या पाठीमागे झाला, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर झाला, म्हणून तो माझ्यावर बंधनकारक नाही. मी अजूनही त्याची कायदेशीर पत्नी आहे. माझा वकील बाहेर येऊन भाऊंना म्हणाला, "अहो, पोरीवरचा अन्याय कोर्टाने पुसून टाकला!" आम्ही मागितलं काय होतं, हे तोही विसरला. भाऊ मात्र खरोखर उजळले. परत येताना त्यांनी रिक्षा थांबवून पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. पोरगी टाकलेली नाही, असं आता सरकारनेच सांगितलं होतं. एक पेढा माझ्याही हातावर ठेवला.

हे पेढे मला त्याच श्रावणात बाधले. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात, रात्रभर गाणी होतात, आणि तिच्या नैवेद्याचे रोट फक्त कुळातल्यांनी खायचे असतात. लेक लग्नाआधी खाते. लग्न झालं की ती दुसऱ्या कुळाची, तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक. माहेरी परत आल्यापासून माझं काय करायचं, हा भाऊबंदांपुढे मोठाच प्रश्न होता. आमच्या कुळातले सगळ्यात वडील आबा, त्यांनी आदल्या वर्षी निवाडा दिला होता, "कोर्ट सांगी तेच खरं." कोर्ट मोकळी म्हणालं तर मी कुळातली, नाहीतर नाही. तोवर मी थांबायचं.

आता कोर्टाने सांगितलं होतं. मोकळी म्हटलं नव्हतं खरं, पण घरच्याच पंगतीतून कोण उठवणार, म्हणून मीही पाट घेतला. काकू रोटांचं ताट घेऊन वाढत आली, माझ्यापाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तू ऊठ बाई. तू धुळानी सून शे. आमना रोट दुसरासले देतस नही."

मी भाऊंकडे बघितलं. ते खीर भुरकत होते. आईने डोळे पुसले आणि मला आत वरणभात वाढला. धुळ्यालाही त्या दिवशी कानबाई बसली असणार, आणि तिथे मला कोण बोलावणार होतं? अमेरिकेच्या लेखी मी कुणाचीच नव्हते, जळगावच्या लेखी धुळ्याची होते, आणि धुळ्याने तर मला एस्टीत बसवून दिलं होतं. मी ताट ढकललं आणि परसात जाऊन बसले.

वकिलाने दुसरा मार्ग सांगितला होता. नवरा सोडून गेला या कारणावर मी स्वतः इथे घटस्फोटाचा दावा लावायचा. भाऊ उसळले. "आपल्या घरातली पोर आपणहून कोर्टात जाऊन नवरा सोडणार? लोक तोंडात शेण घालतील." माझ्याजवळ ना पैसा ना नोकरी. वकील भाऊंचा, घर भाऊंचं, तोंडही त्यांचंच. एरंडोलचे शिक्षक वर्षभर थांबले. मग त्यांनी पिंपळनेरकडची एक मुलगी केली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पोरीच्या सँडलचा पट्टा कुणीतरी लावायलाच हवा होता.

आणखी चार वर्षं गेली. एके दिवशी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात फळांची पिशवी. त्यांच्या मुलाने तिकडे कधीच दुसरं लग्न केलं होतं, एक मुलगा झाला होता, आणि आता त्याला बायकोमुलासकट घरी यायचं होतं. पण कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की हिंदुस्थानात पहिली बायको कायद्याने बायकोच आहे. तिने तक्रार केली तर विमानतळावरच धरतील.

"पोरी," नाना म्हणाले, "दोघांनी राजीखुशीने अर्ज केला तर सहा महिन्यांत होतं. तू सही दे. म्हातारीले नातू पहावाना शे."

माझी अडचण होती तेव्हा कायदा डोंगराएवढा होता. त्याची अडचण आली आणि तोच कायदा सहा महिन्यांचा झाला. भाऊ म्हणाले, "नको देऊ सही. कुजू दे त्याला तिकडेच." मला क्षणभर मोह पडला, खोटं कशाला बोलू. पण तो कुजणार होता अमेरिकेत, आणि मी मेहरूणच्या परसात. मी सही दिली. वडिलांचा शब्द मोडायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

शेवटच्या तारखेला तो स्वतः धुळ्याच्या कोर्टात आला. जाडा झाला होता. मी त्याला ओळखलं ते नाना शेजारी होते म्हणून. साहेबांनी दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं, आणि पाच-दहा मिनिटांत आटोपलं. एवढ्याशा कामासाठी माझी पंचविशी गेली आणि तिशी आली होती.

बाहेर वऱ्हांड्यात तो माझ्याजवळ आला. लग्नानंतरच्या त्या महिन्यानंतरचं आमचं हे पहिलं बोलणं. म्हणाला, "हे तू आधीच केलं असतंस तर? आम्हाला फार त्रास झाला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून भाऊ पुढे आले. मला वाटलं, आज तरी हे बोलतील. निदान दोन शब्द ऐकवतील.

भाऊंनी टोपी सारखी केली, दोन्ही हात जोडले आणि त्याला म्हणाले, "जावईबापू, इतक्या लांबून आलात. चहा तरी घेऊन जा."

तो घड्याळ बघत बरं म्हणाला. तिघं पुरुष समोरच्या टपरीकडे निघाले, नाना मध्ये, भाऊ एक पाऊल मागे, जावयामागे सासऱ्याने चालावं तसे. भाऊंनी वळून मला हाक मारली, "चल गं." मी गेले नाही. मी एस्टी स्टँडवर गेले आणि जळगावचं एकच तिकीट काढलं.