पाणी पिण्यास अयोग्य

मे महिन्यात आमची तुकडी परतवाड्याबाहेर कॅम्पला आली. कॅप्टन साहेब धरून एकतीस जण, काम पूल बांधायच्या सरावाचं. बाकी सगळे पूल बांधणारे सॅपर, मी एकटा वैद्यकीय शाखेचा हवालदार. माझ्याकडे तीन खाती: पाणी, संडास आणि डास. जवान हसायचे, पण जुलाब लागले की आधी मलाच शोधायचे. मी शेंदूरजनाघाटचा. बावीस वर्षांच्या नोकरीत घराच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आलो होतो, त्यामुळे जरा ऐटीतही होतो.

रोज ०५०० वाजता टँकर यायचा. त्यात ब्लीचिंग पावडर, अर्धा तास थांबायचं, क्लोरिन तपासायचं, रजिस्टरवर सही. सही झाल्याशिवाय कुणी घोटभर पाणी घेतलं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

तंबू तिथले शेतकरी रमेशभाऊ यांच्या संत्राबागेला लागून होते. त्यांनी आपलं शेततळं आंघोळीला दिलं. "पोवा ना भाऊ, पानी कोमट हाय. आंग मोकळं होते," म्हणाले. पारा पंचेचाळीसला टेकलेला. तळ्यात पाणी कमरेच्या जरा वर उरलं होतं, वरचा थर चहाइतका गरम.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "हवालदार, ये पानी?"

"पीने का नहीं, साब. नहाने का ठीक है."

एवढंच बोलणं झालं. मी पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात लिहिलं: पाणी पिण्यास अयोग्य. काठावर दोर ठेवला, हवा भरलेली ट्यूब ठेवली, एक माणूस पहाऱ्याला लावला. कुणी बुडून मरू नये याचा बंदोबस्त चोख होता.

नायक मंगेश अकोल्याचा, जठारपेठेत घर. घरचा धंदा फुलांचा. तीस वर्षांचा, पोहण्यात सगळ्यांचा बाप. रोज १७०० वाजता बांधावरून धाडकन उडी मारायचा आणि नाकातोंडातून पाणी उडवत वर यायचा. पाटी वाचून पाणी मात्र थुंकून टाकायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी रोज बघत होतो, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या रविवारी ११०० वाजता त्याचे वडील आले. किसनराव. अकोल्याहून एसटी, पुढे जीप. सोबत डबा आणि कॅम्पच्या देवाला मोगऱ्याचा हार. मंगेशने हार नाकाशी नेला.

"बाबा, याले वासच नाही. शिळा हाय का?"

किसनराव भडकले. "आज सकायी तोडला लेका! फौजेत जाऊन नाक इकलं का तू?"

"खरंच येऊन नाही राहिला."

सगळे हसले. मीही म्हणालो, "माळ्याच्या पोराले मोगरा ओळखू येत नाही म्हणजे कमाल झाली." बाप घुश्शातच परतीच्या जीपमध्ये बसला.

१८०० वाजता मंगेशचं डोकं दुखायला लागलं. मी ऊन लागलं असं ठरवलं. ओआरएस, पॅरासिटामॉल, ओला टॉवेल. रमेशभाऊंनी तळव्यांना कांदा चोळला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी सगळी तऱ्हा.

सोमवारी ०५१५ वाजता त्याला उलट्या सुरू झाल्या. ताप एकशे तीन. मान वाकेना. कॅप्टन साहेब पुलाच्या साइटवर होते. मी वायरलेस घेतला.

"एक सीरियस केस. गर्दन अकडी हुई है. इव्हॅक्युएशन चाहिए. ओव्हर."

"गाडी भेज रहा हूँ. तुम साथ जाओ. आउट."

०८४० वाजता अमरावतीच्या एका दवाखान्यात पोचलो. पाठीतून पाणी काढलं. मेंदूज्वर म्हणाले, नेहमीची औषधं जोरात सुरू केली. डॉक्टरांनी ताप, डोकेदुखी, झटके, सगळं विचारलं. तो कुठे पोहला का, हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वास न येण्याची गोष्टही सांगावीशी वाटली नाही. ती तर गंमत होती.

बुधवारी दुपारी लॅबमधल्या बाईंनी पाठीतलं ताजं पाणी पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरलं. त्यात काहीतरी सरकत होतं. डॉक्टर धावत बाहेर आले.

"हा कुठे पोहला होता?"

मला तेव्हा माझी कोर्सची वही आठवली. मोकळ्या पाण्यात राहणारा अमीबा. मास्तरांनी पाच मिनिटांत उरकला होता, तरी मी लिहून घेतला होता: गरम, साचलेलं पाणी. पोटात गेला तर काही होत नाही. नाकात गेला तर वासाच्या नसेतून मेंदूत चढतो. वास जाणं हे सुरुवातीचं लक्षण. सगळं वहीत होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते.

म्हणजे ते पाणी तो प्यायला असता तर वाचला असता. मी नेमकं पिण्यावर बंदी घातली होती.

या रोगावर चालतं म्हणतात ते औषध मुळात 'काळा आजार' या तापावरचं, लांबून यायचं होतं. कॅप्टन साहेब फोनवर फोन करत होते. "कब तक? साफ बोलो, कब तक?" औषध गुरुवारी १४०० वाजता पोचलं. मंगेश ११२० ला गेला होता.

तळ्यात आम्ही तीसजण उतरलो होतो, झालं एकट्यालाच. औषध वेळेत येऊनही फार थोडे वाचतात, असं डॉक्टरांनी मला समजावलं. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. नियम पिण्याच्या पाण्याचा होता आणि तो मी पाळला होता. याचा मला आजही संताप येतो. कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या.

निवृत्त झाल्यापासून मी उन्हाळाभर शेततळ्यांवर पाट्या लावत फिरतो. उडी मारू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. लोक म्हणतात, "काहून भेव दाखोता हवालदार? आमचा बाप पोवला, आजा पोवला." पालथ्या घड्यावर पाणी. गेल्या महिन्यात रमेशभाऊंच्याच तळ्यावर गेलो, तर माझ्या पाटीवर टॉवेल वाळत होता.

अकोल्याला गेलो की जठारपेठेत किसनरावांच्या दुकानी थांबतो. पहिल्या भेटीत त्यांना सगळं सांगितलं, पाटीचंही. त्यांनी हातातला गजरा ओवून संपवला. मग म्हणाले, "सायेब, तो खरं बोलून राहिला होता. मी त्याच्यावर रागावूनच गाडीत बसलो."

आता ते दर वेळी ओंजळभर मोगरा माझ्या नाकापुढे धरतात.

"वास येते ना, सायेब?"

"येतो, काका."

"मंग न्या," म्हणतात, आणि फुलं पानात बांधून देतात.