भिकाजीचा वाटा

भिकाजी कुबल आमच्या शाळेची बस चालवायचा. मी त्याच शाळेचा स्टोअरकीपर, युस्टेस, मूळचा वसईचा. ओमानमधल्या बरक्यात एका खोलीत आम्ही अकरा वर्षं काढली आणि त्यातली निदान दहा मी त्याच्यावर खेकसण्यात घालवली. कारण पेडवे. बोटभर मासा, पण अंगात तेल इतकं की तव्यावर टाकला की स्वतःच्याच तेलात तळून निघतो, आणि त्याचा वास पडद्यांत, उशीत आणि मी शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सेला घालायच्या शर्टात जाऊन बसतो. आता खोलीला कसलाच वास येत नाही आणि मला ते सहन होत नाही.

भिकाजी मालवणकडचा, रापणकरांच्या घरातला. रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही दोर गावाने मिळून ओढायचे. त्याच्या गावचा नियम असा, की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळणार, मग तो पाटील असो की वाट चुकलेला भटजी. परदेशी गेलेल्या माणसाचाही वाटा निघतो, फक्त त्याच्या घरचं कोणीतरी दोराला यायला हवं. भिकाजीच्या नावाने त्याची बायको गंगुबाई ओढायची. वाटा निघतोय तोवर माणूस गावचा, असं तो म्हणायचा.

म्हणून माझ्या सहा वर्षं आधी बरक्यात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने जे केलं ते त्याच्या गावचाच माणूस करू जाणे. शुक्रवारी किनाऱ्यावर ओमानी कोळी तसंच जाळं ओढताना दिसले. याने विचारलं नाही, पुसलं नाही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोराला हात घातला. जाळं वर आल्यावर रुमाल पसरून वाट्याची वाट बघत बसला. वाटे पडणारच नव्हते. तिथे पेडव्यांना ऊमा म्हणतात, आणि तो सगळा ऊमा वाळूवर सुकवून गुरांना घालायचा होता. जाळ्याचा मालक, म्हातारा सादिक, पोट धरून हसला. "रफीक, ये मेरे बैल का खाना है," म्हणाला; रफीक म्हणजे दोस्त. मग बैलाच्या तोंडचा घास काढून याला बादलीभर दिला. पुढे दर शुक्रवारी तो भिकाजीसाठी दोरावर जागा ठेवू लागला.

आमचे इतिहासाचे सर सांगायचे, सिकंदराचे खलाशी समोरच्या मकरान किनाऱ्याने गेले तेव्हा मासे खाणारी माणसं आणि मासे खाणारी गुरं बघून चक्रावले होते. मी भिकाजीला म्हटलं, "बघ, तुझी जमात तेव्हापासून प्रसिद्ध आहे." तो म्हणाला, "त्येंनी दोराक हात लावल्यानी काय? नाय ना? मगे कसले ते खलाशी."

शुक्रवारी दुपारी तो घरी फोन लावायचा. "आज काय गावला गो?"

"पेडवे," गंगुबाई सांगायची. "तुमचो वाटो घेवन इलंय."

मग त्याचा चेहरा असा व्हायचा की मी वासाबद्दल बोलायचं विसरून जायचो.

रजा मिळायची ती शाळेच्या सुट्टीत, जून-जुलैत. तेव्हा कोकणात मासेमारी बंद, जाळं मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपटात, गुंडाळून ठेवलेलं. तो पावसाच्या आवाजात मांगरात बसून त्याची भोकं विणायचा आणि परत येऊन सांगायचा, "यंदा उंदरांनी जास्तच कुरतडल्यानी हा." उंदरांना एवढी सवड कशी मिळाली हे त्याला सुचलं नाही, मला तर कुठून सुचणार.

२०१७ च्या मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपताना त्याने नोकरी सोडली. साहेबांनी दोनदा थांब म्हणून सांगितलं. "सतरा वर्सांनी रापणीच्या दिसांत घरी जातंय," तो मला म्हणाला. "माझो वाटो माझ्या हातान घेईन." व्हिसा कॅन्सल झाला, नवा ड्रायव्हर रमण सोहारहून येऊन बसच्या चाव्याही घेऊन गेला.

त्याच आठवड्यात गंगुबाईचा फोन माझ्या मोबाईलवर आला. "भाऊ, त्यांका सांगा, आणखी दोन वर्सां थयच रवा."

मी तापलो. गल्फची चटक लागली की घरच्यांना माणूस नको, पार्सल हवं, असं काहीबाही बोलून गेलो. त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, रापण सात वर्सां समुद्रात गेली नाय."

मोठ्या बोटी खोल पाण्यातच मासा घेरून न्यायला लागल्या, किनाऱ्यापर्यंत काही येईना, आणि रापणीचे गडी आंब्याच्या बागांत कामाला गेले. ती बंद पडली तेव्हा भिकाजी इथे काविळीने इस्पितळात होता. फोनवर त्याने क्षीण आवाजात विचारलं, काय गावला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, पेडवे. मग ते मागे घेता आलं नाही. रजेत तो जाळं विणायला बसला की ती परसात जाऊन रडायची; गावालाही तिने हात जोडून गप्प ठेवलं होतं. दर शुक्रवारी फोनवर खोटं सांगायची आणि त्या दिवशी अन्नाला शिवायची नाही. सात वर्षं.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "माझी जीब उचलत नाय."

शेवटच्या शुक्रवारी मी मिस्सा चुकवली आणि पहिल्यांदाच त्याच्याबरोबर किनाऱ्यावर गेलो. जाळं वर आलं. सादिकने त्याला मिठी मारली, बादली काठोकाठ भरून दिली आणि डोळे पुसत पिकअपकडे गेला. मी भिकाजीला वाळूत बसवलं आणि सांगितलं. तिच्या उपासाचंही सांगितलं.

तो बादलीकडे बघत राहिला. "सात वर्सां?"

मी मान हलवली.

"मगे मी खयचो रे, युस्टेस?"

मी नुसता त्याचा हात धरला. माझ्या मित्राचं मन मी माझ्या तोंडाने मोडलं होतं.

थोड्या वेळाने त्याने खिशातून फोन काढला. मी म्हटलं, आत्ता नको. त्याने ऐकलं नाही. गंगुबाईने पहिल्याच रिंगला उचलला. मी आज सांगणार हे तिला ठाऊक होतं. ती रडतच बोलायला लागली, मला बाजूला बसून ऐकू येत होतं. "आयकलात, माझा चुकला, मी तुमका..."

त्याने तिला पुढे बोलू दिलं नाही. "आज काय गावला गो?"

तिचं रडणं थांबलं.

"पेडवे," ती म्हणाली.

"माझो वाटो हाडलंस?"

"हाडलंय."

"मगे आज जेव," भिकाजी म्हणाला. फोन बंद केला आणि मगच त्याने स्वतःला रडू दिलं.