खुशीनं गेलेला सैनिक

दत्ताराम गेल्याचं मला मिरकरवाड्याच्या मासळी-जेटीवर कळलं. बर्फाच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली राबलेला एक जण म्हणाला, "काका, तुमचे दोस्त सकाळी गेले." मुलगा मेलबर्नहून पोचेपर्यंत दत्ताला शवागारात ठेवावं लागलं. उभा जन्म बर्फात काढलेला माणूस, शेवटीही बर्फातच...

दत्ताच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत स्वतःहून नाव नोंदवलं होतं. तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरून खेचरांवर पाणी आणि दारूगोळा लादून ते डोंगरावरच्या सैनिकांना पोचवायचे आणि तिथेच मारले गेले, एवढंच घरात सांगत. दत्ता आयुष्यात एकदाच परदेशी गेला, मुलाकडे. तेव्हा एप्रिलमध्ये नातवाच्या शाळेत त्याच लढाईच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. पाहुणे सांगत होते, आपली पोरं कुणाच्या सक्तीनं नव्हे, स्वतःच्या मर्जीनं गेली. लढाई हरलो, पण ऑस्ट्रेलिया नावाचं राष्ट्र त्या किनाऱ्यावर जन्मलं. दत्ता उठला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझा आजाही तिथंच मेला. तोही खुशीनंच गेलेला." पाहुण्यांनी हसून मान हलवली आणि भाषण पुढे चालू केलं. परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, आम्हाला इथं राहायचंय. असं उठून बोलत जाऊ नका."

रत्नागिरीला आल्यावर दत्तानं हे सगळं मला सांगितलं. "सदा, त्यांच्या पोरांनी त्या वाळूत देश कमावलानी. माझ्या आज्यानं काय कमावलान रे?"

गावच्या देवळापाशी आजोबांच्या नावाचा दगड बसवावा, म्हणून तो ग्रामसभेत गेला. मीही सोबत होतो. "इंग्रजांची चाकरी करून मेला, त्याचा दगड देवळाशी कशाला?" एकानं विचारलं, आणि सभा हसली. दत्ता पुन्हा कुणाच्या दारात गेला नाही. त्यानं जांभ्या दगडाचा एक चांगला चिरा आणला, स्वतः छिन्नी घेऊन आजोबांचं नाव कोरलं आणि अंगणात उभा केला. शेवटपर्यंत संध्याकाळचा चहा तो त्या चिऱ्याशेजारी बसूनच प्यायचा.

तेराव्यानंतर मुलानं घर विकायला काढलं. गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून डागडुजीचं काम गवंड्याला सांगून तो परत गेला. परवा मी सहज तिकडे गेलो, तर अंगण मोकळं. चिऱ्याचं विचारल्यावर गवंडी खूश होऊन म्हणाला, "तो व्हय? खालच्या पायरीला बसवलाय. अक्षरं आतल्या बाजूला घेतली, वरनं कसा सपाट झालाय बघा. चढा की, काका."

मी चढलो नाही.