मालक, नायिका आणि मावशी

प्रेमात पडलेल्या प्रत्येक जोडप्याला एक युनियन हवी, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे: माझ्या बायकोची मावशी. चाकणच्या कारखान्यात तिची नोकरी वायरी जोडण्यात गेली आणि ख्याती भांडण्यात झाली. युनियनच्या कमिटीत ती एकटी बाई. बोलणी अडली की ती समोरच्या चहाला हात लावत नसे. तो निवताना बघून साहेबलोक आधी अस्वस्थ आणि मग समजूतदार होत, असं तिचे सहकारी अजून सांगतात.

निवृत्तीनंतर दिघीच्या घरात तिला कादंबऱ्यांचा नाद लागला, आणि तोही साधासुधा नाही. मुखपृष्ठावर शर्टाची बटणं लावायला विसरलेला पुरुष असलेला एक जाडजूड ग्रंथ ती बँकेत, दवाखान्यात, अगदी हळदीकुंकवालाही उघडपणे नेई. शेजारणीनं "या वयात हो?" असं विचारलं, तर म्हणाली, "त्या वयात शिफ्ट होती."

परिसंवादांत 'सत्तासंबंध' हा शब्द मी पुष्कळ ऐकला आहे. त्याचा अर्थ मला मावशीनं लसूण सोलता सोलता सांगितला. कादंबरीचा नायक बड्या कंपनीचा मालक, नायिका त्याच्याच ऑफिसातली. "खोलीतलं त्यांचं काय ते असू दे," मावशी म्हणाली. "तिथं ती खुशीनं हो म्हणते, आणि नको म्हटलं की तो थांबतो. इतकं ऐकणारा मालक मी तरी बघितला नाही. पण तिनं जेवायचं काय, बोलायचं कुणाशी, हे ठरवणारा हा कोण? कँटीन कमिटी? आणि स्वतःच्या मनातलं विचारलं की गप्प. तिच्या भल्यासाठी म्हणे."

सांगत होती मला, पण ऐकवत होती काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला. बायपासनंतर डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं, तरी काकांनी आपली गादी हॉलमधल्या दिवाणावर हलवली होती. कारण काय, तर घोरणं. लग्न झाल्यापासून ते घोरतच होते. तेव्हापासून मावशीनं त्यांच्या हातचा चहा बंद केला होता. रोज दुपारी काका चहा करत, तो निवत राही, आणि मावशी मोठ्यानं कादंबरी वाचे.

त्या दुपारी नायिका बॅग भरून निघाली. मावशीनं पुस्तक मिटलं. "एवढी मोठी कंपनी चालवतो, आणि भीती वाटते एवढं सांगता येईना त्याला."

काका बंद टीव्हीकडे बघत होते. "झोपेत मला काय झालं, तर तू सकाळी शेजारी दचकशील," ते म्हणाले. "म्हणून बाहेर आलो."

मावशी त्यांच्याकडे वळली.

"हे तुम्ही एकट्यानंच ठरवलं?"

"व्हय."

"मला विचारलं?"

"न्हाई."

"मग रद्द." आणि तिनं तो गार चहा एका दमात संपवला. काका उठले, उशी काखेत घेऊन आत गेले.

गेल्या हिवाळ्यात काका वारले, पहाटे, झोपेतच. भेटायला गेलो तेव्हा बायकोनं दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, दचकलीस का गं?"

"न्हाई," मावशी म्हणाली. "हात गरम होता त्यांचा. जरा वेळ धरून बसले. मग फोन करून सगळ्यांना उठवलं."